ग्रीक-लॅटिन शालेय पोथ्या : मिश्र वर्गाचें अध्यापन आणि पाठभेदांचा अर्थ

१

जुन्या ग्रंथांचा संग्रह करणाऱ्यांच्या कपाटांत सर्वांत खालची जागा बहुधा शाळेंत वापरलेल्या पोथीला मिळते. तिला कर्त्याचें नांव नसतें, आरंभींचीं व शेवटचीं पानें गेलेलीं असतात, अक्षर घाईचें असतें आणि त्याच मजकुराची दुसरी प्रत हातीं आली तर ती पहिलीशीं जुळत नाहीं. मूळ पाठ निश्चित करण्याच्या हेतूनें अशा चार प्रती समोर ठेवून बसलेला संशोधक लौकरच कंटाळतो; कारण एकींत आहे तें दुसरींत नाहीं, दुसरींत आहे त्याचा क्रम तिसरींत निराळा. मग ‘पाठ अत्यंत भ्रष्ट’ असा शेरा यादींत पडतो आणि पोथी पुन्हां रुमालांत जाते.

हा शेरा पुष्कळदां अन्यायाचा असतो, असें प्रस्तुत लेखाचें म्हणणें आहे. शालेय पोथीं‍तील पाठभेद हा ती पोथी ज्या वर्गांत वापरली गेली त्या वर्गाचा पुरावा असूं शकतो. निरनिराळ्या वयाचीं, कुवतीचीं व तयारीचीं मुलें एकाच शिक्षकापुढें बसवून त्यांस परकी भाषा शिकविण्याचा प्रसंग हा आधुनिक काळांतच उद्भवलेला नाहीं. रोमन साम्राज्यांत ग्रीक मुलांना लॅटिन व लॅटिन मुलांना ग्रीक शिकवितांना तो नित्य येत असे, आणि त्यावर योजलेला उपाय ज्या पोथ्यांत शिल्लक राहिला आहे त्या पोथ्या आज युरोपांतील ग्रंथालयांत आहेत. त्यांचीच हकीकत येथें द्यावयाची आहे.

२

या पोथ्यांस ‘हर्मेनेउमाता’ असें ग्रीक नांव आहे. ‘अर्थ सांगणारीं भाषांतरें’ असा त्याचा स्थूल अर्थ करतां येईल. कांहीं हस्तलिखितांत हा मजकूर दोसिथेउस नांवाच्या वैयाकरणाच्या लॅटिन व्याकरणासोबत आढळल्यामुळें तो त्याचाच समजला जात असे. तो त्याचा नाहीं, किंबहुना कोणा एका कर्त्याचा नाहीं, हें आतां ठरलेलें आहे. निरनिराळ्या शिक्षकांनीं निरनिराळ्या शतकांत भर घातलेला हा संग्रह आहे. त्यांतील एका भागास निश्चित काल मिळतो. हिजायनस नांवाच्या ग्रंथकाराच्या देवदेवतांच्या वंशावळीच्या ग्रंथावरून आपण हा भाग उतरून घेतला, असें सांगून संग्राहकानें मॅक्सिमस व अपेर यांच्या कॉन्सलपदाच्या वर्षांतील सप्टेंबर महिन्याची तिथि दिली आहे. ही तिथि इ. स. २०७ च्या ११ सप्टेंबरची येते. अर्थात् तिसऱ्या शतकाच्या आरंभीं हा संग्रह घडत होता.

जीं हस्तलिखितें शिल्लक आहेत तीं मात्र पुष्कळ अलीकडचीं, म्हणजे मध्ययुगांतलीं आहेत. माँपेल्ये, लंडन, लायडन, सेंट गॅलन, म्युनिक अशा ठिकाणीं तीं विखुरलेलीं असून त्यांतील जुनीं नवव्या-दहाव्या शतकांतील आहेत. पश्चिम युरोपांतील मठांत ग्रीक जाणणारे फार थोडे उरले होते. तरीहि ग्रीक शिकण्याच्या आशेनें या पोथ्या उतरल्या गेल्या, आणि भाषा न समजणाऱ्या नकलकारांच्या हातून ग्रीक स्तंभाची बरीच दुर्दशा झाली. छापील स्वरूपांत कांहीं मजकूर आंरी एस्तिएन यानें १५७३ सालीं प्रथम पुढें आणला. पुढें गेओर्ग गोएट्झ यानें लॅटिन शब्दसंग्रहांच्या आपल्या मोठ्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडांत १८९२ सालीं निरनिराळ्या प्रतींचे पाठ वेगवेगळे छापले. त्यांतील संवादांची नवी चिकित्सक आवृत्ति, भाषांतर व टीपांसह, एलिनॉर डिकी या विदुषीनें २०१२ व २०१५ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केली.

संग्रहाचे सामान्यतः चार भाग पडतात. पहिला वर्णानुक्रमी कोश. दुसरा विषयवार कोश. देव, आकाश, वारे, शरीराचे अवयव, अन्न, पशु, पक्षी अशीं त्याचीं प्रकरणें आहेत. आपल्याकडील वाचकास अमरकोशाचे अथवा राजव्यवहारकोशाचे वर्ग आठवावे, म्हणजे या रचनेची कल्पना येईल. तिसरा भाग संवादांचा. त्यांत मुलाच्या किंवा मोठ्या माणसाच्या दिनक्रमांतील उठणें, कपडे घालणें, शाळेस जाणें, बाजार, स्नान, जेवण वगैरे प्रसंग लहान वाक्यांत दिलेले असतात. चवथा भाग वाचनाचा. त्यांत इसापाच्या गोष्टी, सम्राट हेड्रियनच्या निवाड्यांच्या कथा, ट्रॉयच्या युद्धाचा सारांश आणि गुलामांच्या मुक्ततेविषयीं एक कायद्याचें प्रकरणहि आढळतें. सर्व मजकूर दोन अरुंद स्तंभांत असून प्रत्येक ओळींत एक, दोन किंवा तीन शब्दच येतात. एका स्तंभांत ग्रीक व समोर तोच अर्थ लॅटिनमध्यें.

३

या संवादांत शाळेचें जें चित्र येतें तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. म्युनिक व आइन्सीडेल्न येथील प्रतींवरून ओळखल्या जाणाऱ्या संवादांत मुलगा शाळेंत येतो, शिक्षकांस व सोबत्यांस नमस्कार करतो, आपल्या जागीं बसतो व पाटीवर लिहूं लागतो. मग शिक्षकाच्या आज्ञेवरून सर्वांत लहान मुलें उठतात आणि मोठ्यांपैकीं एक मुलगा त्यांच्याकडून अक्षरजोड म्हणवून घेतो. दुसरीं कांहीं मुलें उपशिक्षकापुढें क्रमानें आपला पाठ म्हणून दाखवितात, नामें लिहितात, पद्याच्या ओळी लिहितात. संवाद बोलणारा मुलगा स्वतः वरच्या वर्गांतला असल्यामुळें तो शिक्षकानें सांगितलेला मजकूर लिहून घेतो. नंतर टीपा, कठीण शब्दांचे अर्थ व व्याकरण पाहतो. आणि हांक आली म्हणजे पुढें जाऊन शब्दाची जाति, विभक्ति व पद्याचे चरण यांविषयींच्या प्रश्नांचीं उत्तरें देतो. एवढें झाल्यावर दुपारच्या जेवणाची सुट्टी होते. घरीं जाऊन तो पांढरी भाकर, ऑलिव्ह फळें, चीज, सुके अंजीर व कवचीचीं फळें खातो, थंड पाणी पितो आणि पुन्हां शाळेस येतो.

येथें एका खोलींत निदान तीन पायऱ्या एकाच वेळीं चाललेल्या दिसतात, आणि शिकविणारेहि तीन प्रकारचे आहेत : मुख्य शिक्षक, उपशिक्षक व मोठा विद्यार्थी. सर्वांस उद्देशून एकच व्याख्यान चालू आहे असें कोठेंच दिसत नाहीं. मुलगा आपलें काम आपल्या जागीं करतो आणि पाळी आली म्हणजे शिक्षकासमोर जातो. जर्मनींतील नॉयमागेन येथें सांपडलेल्या व आज त्रिएर येथील संग्रहालयांत असलेल्या दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराच्या एका शिल्पपट्टांत मध्यें शिक्षक, दोहों बाजूंस हातांत गुंडाळी धरून बसलेले दोन विद्यार्थी आणि मागाहून येऊन वंदन करणारा तिसरा असा देखावा कोरलेला आहे. शाळा चालू असतांना एकानें मागाहून यावें यांत शिल्पकारास कांहीं विशेष वाटलेलें दिसत नाहीं. ज्या वर्गांत प्रत्येकाचा पाठ वेगळा, तेथें उशिरा आलेल्याचें इतरांपुढें अडत नाहीं.

दुसऱ्या एका संवादांत, म्हणजे ज्याची हकीकत पुढें येईल त्या केल्टिसच्या प्रतींत, हाच विचार स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे. प्रत्येकास त्याच्या शक्तीप्रमाणें, प्रगतीप्रमाणें व वयाप्रमाणें काम दिलें जातें. कारण विद्यार्थ्यांचे स्वभाव व बुद्धि निरनिराळ्या असतात, विद्येच्या कष्टांविषयीं त्यांची वृत्तिहि सारखी नसते, आणि पुष्कळ शिकून झालें तरी शिकावयाचें त्याहून अधिक उरतें, असा तेथील आशय आहे. हें वाक्य मुलाच्या पाठांत घातलेलें आहे, हें विशेष. आपण वर्गांत इतरांच्या बरोबरीनें कां चालत नाहीं याचें उत्तर त्या मुलास परकी भाषा शिकतां शिकतांच मिळत असे.

४

वर्ग असा मिश्र कां असे, याचीं कारणें पोथ्यांच्या बाहेर शोधावीं लागतात, आणि तीं सांपडतात. पहिलें कारण पैशाचें. सम्राट डायोक्लीशियन यानें इ. स. ३०१ मध्यें काढलेल्या दरांच्या आज्ञापत्रांत प्राथमिक शिक्षकास दर मुलामागें दरमहा ५० दिनार व ग्रीक किंवा लॅटिन वैयाकरणास २०० दिनार अशी मर्यादा घातलेली आहे. फी दर डोईस असल्यामुळें आलेल्या मुलास तो कच्चा आहे म्हणून परत लावणें शिक्षकास परवडणारें नव्हतें.

दुसरें कारण शिक्षकांची वाण. सम्राट ग्रेशियन यानें इ. स. ३७६ मध्यें गॉल प्रांतांतील शिक्षकांच्या वेतनाविषयीं जी आज्ञा काढली तींत त्रिएर शहरांतील वक्तृत्वाच्या अध्यापकास ३० शिधे, लॅटिन वैयाकरणास २० व ग्रीक वैयाकरणास १२ असें ठरविलें; आणि ग्रीकच्या बाबतींत, लायक माणूस मिळाल्यास, अशी पुस्ती जोडली. त्रिएर हें त्या वेळीं राजधानीचें शहर. तेथेंच ग्रीकचा शिक्षक मिळण्याची खात्री नसेल तर इतरत्र जो एखादा मिळे त्याच्यापुढें नवशिके व प्रौढ सारेच येऊन बसणार, हें उघड आहे.

तिसरें कारण सर्वांत मनोरंजक आहे, तें घरच्या भाषेचें. बोर्दो शहरांतील कवि व अध्यापक ऑसोनियस, जो ग्रेशियनचा गुरुहि होता, आपल्या शहरांतील ग्रीक शिक्षकांची आठवण कृतज्ञतेनें करतो. पण लहानपणीं आपली बुद्धि त्या भाषेंत मंद होती व त्यांच्या श्रमांचा आपणांस व्हावा तितका लाभ झाला नाहीं, असेंहि सांगतो. त्याचाच नातू पॉलिनस हा इ. स. ३७६ मध्यें मॅसिडोनियांतील पेल्ला येथें जन्मला व लहानपणींच बोर्दोस आला. वार्धक्यांत लिहिलेल्या आत्मचरित्रपर काव्यांत तो नेमकी उलट तक्रार करतो. घरांतील ग्रीक नोकरांशीं बोलण्याची संवय असल्यामुळें त्याला होमर सोपा गेला व लॅटिन व्हर्जिल जड गेला. दोन भाषांचा दुहेरी अभ्यास समर्थ बुद्धीस शोभतो, आपल्यासारख्यास त्याचा ताणच झाला, असें तो म्हणतो. एकाच शहरांतील, एकाच घराण्यांतील हे दोघे. आजोबांना जी भाषा परकी, ती नातवास घरची. अशीं मुलें शेजारीं बसलीं म्हणजे वय सारखें असूनहि वर्ग मिश्र झालाच.

५

आतां पोथीच्या रचनेकडे पुन्हां पाहिलें म्हणजे ती या वर्गासाठींच घडविलेली आहे हें लक्षांत येतें. प्रास्ताविकांत संग्राहकानें आपला हेतु सांगितला आहे : दोन्ही भाषा बोलण्याची इच्छा पुष्कळांस असते, परंतु शब्दांचें काठिण्य व त्यांची संख्या यांमुळें तें सहज साधत नाहीं, म्हणून आपण हे श्रम केले. ‘पुष्कळांस’ हा शब्द महत्त्वाचा. अमुकच पायरीवरच्या विद्यार्थ्यासाठीं हें पुस्तक नाहीं. नवशिक्यास विषयवार शब्द आहेत, त्याच्या पुढच्यास संवाद आहेत, वाचूं लागलेल्यास इसापाच्या गोष्टी आहेत, आणि ज्यास पुढें राज्यकारभारांत किंवा न्यायदानांत शिरावयाचें त्यास कायद्याचें प्रकरण आहे. एकाच पोथीं‍तून चार मुलें चार ठिकाणीं एकाच वेळीं शिकूं शकतात.

स्तंभांची युक्तीहि तशीच. ओळ दोन-तीन शब्दांची असल्यामुळें समोरचा अर्थ कोणत्या शब्दाचा हें कच्च्या मुलास शिक्षकाला न विचारतां कळतें. पक्क्या मुलानें एक स्तंभ झांकून दुसरा म्हणावा. मुलें खरोखरीच स्तंभ झांकीत, असें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. पण ही मांडणी तशा उपयोगास सोयीची आहे यांत शंका नाहीं. इजिप्तच्या वाळूंत सांपडलेल्या चवथ्या ते सहाव्या शतकांतील पपायरसांत व्हर्जिलच्या महाकाव्याच्या अशाच द्विस्तंभी प्रती मिळाल्या आहेत. त्यांपैकीं कांहींत काव्याचा प्रत्येक शब्द अर्थासह आहे, तर कांहींत निवडक शब्दच आहेत. एकच काव्य, एकच पद्धत, पण आधार कमी-अधिक. पूर्वेकडील ग्रीक तरुण बेरूत येथील कायद्याच्या विद्यापीठाकडे वळत, आणि रोमन कायदा लॅटिनमध्यें असल्यामुळें त्यांस लॅटिनची गरज असे; त्यांची तयारी सारखी नसे, हें या पपायरसांच्या फरकावरूनच दिसून येतें.

६

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रतींतील विसंगतीचा अर्थ बदलतो. हर्मेनेउमातांच्या कोणत्याहि दोन शाखा सारख्या नाहींत. एकींत इसाप आहे, दुसरींत नाहीं. एकींत शाळेचा प्रसंग दोन ओळींत आटोपतो, दुसरींत तो विस्तारानें येतो. कोठें एका शब्दापुढें दोन-तीन समानार्थक शब्दांची रांग लागते. यांतील कांहीं भेद नकलकारांच्या अज्ञानाचे आहेत, हें मान्य केलेंच पाहिजे. विशेषतः ग्रीक स्तंभांतील मोडके शब्द दुसऱ्या कशानेंहि उलगडत नाहींत. परंतु अज्ञानानें शब्द मोडतो, प्रकरण वाढत नाहीं. ग्रीक न जाणणारा मठवासी नवा ग्रीक-लॅटिन प्रसंग रचूं शकत नाहीं. तेव्हां जेथें भर आहे, निवड आहे, क्रमांतर आहे, तेथें दोन्ही भाषा येणाऱ्या शिक्षकाचा हात मानावा लागतो, आणि त्यानें ती भर आपल्यासमोरच्या मुलांकडे पाहून घातली असावी, हें अनुमान स्वाभाविक आहे. २०७ सालचा संग्राहकहि सर्वांस ठाऊक असलेल्या ग्रंथांतून आपणांस हवें तें उतरून घेतो. तो मोठा ग्रंथ जसाच्या तसा पुढें ठेवीत नाहीं.

या दृष्टीच्या अभावीं काय हानि होते याचें उदाहरण केल्टिसच्या प्रतीचें. जर्मन विद्वान् कॉनराड केल्टिस यानें १४९५ सालीं स्पॉनहाइम येथील मठांतील जुन्या पोथीवरून हा संग्रह स्वहस्तें उतरून घेतला. त्या मठाचा अधिपति त्या वेळीं त्रिथेमियस हा प्रसिद्ध ग्रंथसंग्राहक होता. मूळ पोथी पुढें नाहींशी झाली. केल्टिसची नक्कल व्हिएन्ना येथील ग्रंथालयांत राहिली. गोएट्झच्या थोर संग्रहांत तिला स्थान मिळालें नाहीं. तिच्यांतील शाळेचा संवाद ए. सी. दिओनिसोत्ती या विदुषीनें १९८२ सालीं संपादून छापला, म्हणजे नक्कल झाल्यानंतर ४८७ वर्षांनीं. प्रत्येकास त्याच्या शक्तीप्रमाणें काम देण्याविषयींचें जें वचन वर सांगितलें तें याच प्रतींत आहे. प्राचीन वर्गाचें जें सर्वांत बारकाईचें वर्णन आज आपणांस उपलब्ध आहे तें एका नकलेच्या नकलेवर अवलंबून आहे. ‘इतर प्रती आहेतच’ अशा समजुतीनें ती वही कोणी टाकून दिली असती, तर हें प्रकरण कायमचें गेलें असतें.

७

या पद्धतीची भलावण करण्याचा येथें हेतु नाहीं. संवादांतील शाळा ही शिक्षकानें रंगविलेली शाळा आहे. तींत मुलगा नेहमीं वरच्या वर्गांतला, नेहमीं बरोबर उत्तर देणारा. खालच्या रांगेंतील मुलाचें म्हणणें ऐकावयाचें तर ऑगस्टीनकडे वळलें पाहिजे. चवथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनाच्या पहिल्या भागांत तो म्हणतो कीं, लॅटिन आपण दायांच्या लाडांत व घरच्यांच्या हास्यविनोदांत, भीतीवांचून, नुसतें ऐकून शिकलों. ग्रीक मात्र शिक्षेच्या धाकानें डोक्यांत भरण्यांत आलें, आणि त्यामुळें होमरसारखा गोड कविहि आपणांस कडू झाला. पुढें पश्चिम ख्रिस्ती जगाचा अग्रणी झालेला हा पुरुष ग्रीकमध्यें शेवटपर्यंत कमजोर राहिला. केल्टिसच्या संवादांतहि नीट पाठ म्हणणाऱ्याची स्तुति व चुकणाऱ्यास शिक्षा असा नियम आहेच. प्रत्येकास त्याच्या शक्तीप्रमाणें काम द्यावें हें तत्त्व जाणणाऱ्या शाळेंतहि ज्याची शक्ति कमी त्याच्या वांट्यास छडी येत असे.

पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियन यानें हा धोका ओळखला होता. समुदायांत शिकविणें तो एकट्यास शिकविण्याहून श्रेष्ठ मानतो. परंतु अरुंद तोंडाच्या भांड्यावर एकदम पाणी ओतलें तर तें बाहेर सांडतें, थेंबथेंब घातलें तरच भरतें, या दृष्टांतानें शिक्षकास सावधहि करतो. लहान ओळींचे स्तंभ म्हणजे हेच थेंब, असें म्हटल्यास चालेल.

८

आपल्याकडील संग्रहांशीं या विवेचनाचा संबंध उघड आहे. पंतोजींच्या शाळेंतहि कोणी धूळपाटीवर मुळाक्षरें गिरवीत आहे, कोणी पाढे म्हणत आहे, कोणी मोडी पत्र वाचीत आहे, आणि थोरला विद्यार्थी धाकट्यांवर देखरेख करीत आहे, असा प्रकार एकाच ओसरीवर चाले. अशा शाळांतून, तसेंच मुनशी व शास्त्री यांजपाशीं परकी भाषा शिकणाऱ्यांच्या हातून निर्माण झालेल्या शब्दावळ्या, कित्ते व संभाषणांच्या वह्या जेथें जेथें हातीं येतील तेथें त्यांची परीक्षा निराळ्या कसोटीनें केली पाहिजे. मूळ पाठ कोणता, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाहीं. कोणते शब्द वाढविले, कोणते गाळले, अर्थ कोठें दिला व कोठें दिला नाहीं, दुसऱ्या हाताची दुरुस्ती कोठें आहे, कोणतें पान हाताळून मळलें आहे व कोणतें कोरें राहिलें आहे, हें सर्व यादींत नोंदलें पाहिजे. दोन प्रती जुळत नाहींत म्हणून एक रद्द ठरवूं नये. न जुळणें हीच तेथें माहिती आहे.

राजांच्या सनदा व कवींचे ग्रंथ जपणारे पुष्कळ निघतात. शिकणाऱ्यांच्या वह्या जपणारे विरळा. रोमन साम्राज्यांतील एका वर्गांत धाकटीं मुलें उठून अक्षरजोड म्हणत होतीं व एक थोरला मुलगा त्यांस सांगत होता, एवढें आज आपणांस ठाऊक आहे, याचें श्रेय अशा विरळा माणसांचें आहे. आपल्या संग्रहांतील खालच्या फळीवरचे रुमाल सोडून पाहण्यास एवढें कारण पुरेसें आहे.